डिस्पोजरला वास येतो आणि मधेच गुणगुणून बंद पडतो: सविस्तर उत्तर

प्रश्न पुण्यातल्या बाणेरच्या एका ताईंचा आहे. त्यांनी रीसेलचा फ्लॅट घेतला आणि सिंकखाली आधीच्या मालकांनी बसवलेला डिस्पोजर, म्हणजे खरकटं बारीक करून पाण्याबरोबर पाइपात सोडणारं यंत्र, तसाच मिळाला, माहितीपुस्तिकेशिवाय. लिंबाच्या साली टाकून फिरवला तरी दोन दिवसांत वास परत येतो. गेल्या आठवड्यात तर तो नुसता गुणगुणला आणि बंद पडला. शेजाऱ्यांनी ड्रेन साफ करायची पावडर ओतायला सांगितली आहे. ओतू का, आणि हे यंत्र ठेवावं की काढून टाकावं, असं त्या विचारतात.

ताई, पावडर ओतू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी. त्या पावडरीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो आणि पाणी लागलं की तो तापतो. साध्या पाइपातून तो पुढे वाहून तरी जातो. यंत्र अडकलेलं असेल तर तो डिस्पोजरच्या पोटातच साचतो आणि तिथली रबरी सीलं, ॲल्युमिनियमचे भाग खात राहतो. त्याहून मोठा धोका माणसाला आहे. पावडरीने काम झालं नाही म्हणून तुम्ही कुणाला बोलावता, तो बिचारा पाइप उघडतो आणि ते पाणी त्याच्या हातावर, तोंडावर येतं. म्हणून असं काम आलं की ओट्याखाली वाकण्याआधी मी पहिला प्रश्न विचारतो, "यात काही ओतलंय का?" बाथरूमचं ॲसिडही इथे नको, ते स्टील खातं. आणि ब्लीचवर व्हिनेगर किंवा ॲसिड तर कधीच नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवाशी खेळ आहे.

आता वासाकडे येऊ. त्यासाठी यंत्राच्या आत काय आहे ते कळायला हवं. बऱ्याच जणांना वाटतं की आत मिक्सरसारखी पाती असतात. तशी पाती नसतात. तळाशी एक स्टीलची गोल तबकडी असते, तिच्यावर दोन-तीन जाड ठोकळे. मोटर सुरू झाली की तबकडी गरगर फिरते, साध्या इंडक्शन मोटरचं यंत्र असेल तर मिनिटाला साधारण चौदाशे फेरे. त्या वेगाने खरकटं बाहेरच्या अंगाला फेकलं जातं, आणि तिथे एक दातेरी कडं घट्ट बसवलेलं असतं. त्या कड्यावर ते किसणीवर किसल्यासारखं किसलं जातं आणि बारीक झालेलं पाण्याबरोबर खाली निघून जातं. म्हणजे पाणी भरपूर असेल तर तबकडी आणि कडं फिरता फिरता आपोआप धुतलं जातं. घाण राहते ती जिथे पाणी पोचत नाही तिथे.

ती जागा म्हणजे सिंकच्या भोकातल्या रबरी पाकळ्यांची खालची बाजू. यंत्र चालू असताना उडणारं सगळं या पाकळ्यांवर खालून आदळतं. वरून त्या काळ्या, स्वच्छ दिसतात. यंत्राचा स्विच बंद करा, ओट्याखालचा प्लग काढून ठेवा, आणि टॉर्च लावून एक पाकळी बोटाने वर उचलून बघा. खाली राखाडी, बुळबुळीत थर दिसेल. डाळीचा, कणकेचा, साबणाचा आणि तेलाचा मिळून झालेला. तुमच्या लिंबाच्या साली खाली तबकडीवर फिरत राहिल्या, या थराला त्यांनी हातही लावला नाही, म्हणून वास दोन दिवसांत परत येतो.

काही यंत्रांत हे रबर वर ओढलं की सरळ निघून हातात येतं. तसं असेल तर भांड्यांच्या साबणाने दोन्ही बाजूंनी घासा, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि परत बसवा. निघत नसेल तर ताकद लावू नका, ते वरच्या रिंगेचाच भाग असतं. मग जुना टूथब्रश घ्या, साबण लावा आणि प्रत्येक पाकळीची खालची बाजू, पाकळ्यांच्या मधल्या चिरा आणि त्याखालची यंत्राची मान गोल गोल घासा. ब्रश बाहेर काढलात की काळपट चिकटा लागलेला असेल. तो धुवा, पुन्हा घासा, ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मान म्हणजे पाकळ्यांखालचा वरचा दोन-तीन इंचांचा भाग, तिथेही पाण्याचा मारा पोचत नाही. रबर कडक झालं असेल, पाकळ्या फाटल्या किंवा वर वळल्या असतील तर घासत बसण्यापेक्षा बदला. सुटं निघणारं रबर मॉडेल क्रमांक सांगून मागवता येतं. तो क्रमांक यंत्राच्या बुडाशी किंवा अंगावर चिकटवलेल्या पट्टीवर असतो, मोबाइलने फोटो काढून ठेवा.

घासून झालं की यंत्राला एकदा अंघोळ घाला. सिंकला बूच लावा, अर्ध्यापर्यंत कोमट पाणी भरा, थोडा भांड्यांचा साबण आणि मूठभर खायचा सोडा त्यात ढवळा. मग प्लग जोडा, बूच काढा आणि लगेच यंत्र सुरू करा. एवढं पाणी एकदम लोंढ्याने आतून जातं तेव्हा यंत्राच्या भिंती आणि पुढचा पाइप दोन्ही धुऊन निघतात. नळाची धार लावून हे होत नाही. पाणी संपत आलं की यंत्र बंद करा, कोरडं फिरवू नका.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय सगळे सांगतात. फेस छान येतो, पण एक अल्कली आणि एक आम्ल एकमेकांना मारून टाकतात, मागे जवळपास मिठाचं पाणी उरतं. तेलकट थर त्याने सुटत नाही. सोडा ब्रशवर घेऊन घासायला उत्तम आहे. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी वेगळं वापरा, तेही घरात बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल आणि पांढरा क्षार साठत असेल तरच. खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या जुन्या पेठांत मला हा क्षार फारसा दिसत नाही. बाणेर, बालेवाडी, वाघोलीकडे उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की दिसतो. बर्फाचे तुकडे टाकून फिरवणं चांगलं, ठोकळ्यांवर आणि कड्यावर चिकटलेलं ते ठोकून काढतात. बर्फाने धार लागते असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका, आत धार लावायला काही नाहीच. लिंबाच्या साली बारीक चिरून, सगळं साफ झाल्यावर शेवटी टाका. सुगंधापुरत्या त्या ठीक आहेत.

एवढं करूनही वास राहिला तर तो कसला आहे ते ओळखा. आंबलेल्या खरकट्याचा वास यंत्रातला. गटाराचा वास असेल तर दोष पुढच्या पाइपात आहे, आणि पुण्यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला तिथेच सापडतं. ओट्याखाली वाकून बघा. डिस्पोजरच्या बाजूने निघणारा पाइप पांढरा, वळ्यावळ्यांचा, हवा तसा वाकवता येणारा आहे का? हा पाइप साध्या सिंकला चालून जातो. डिस्पोजरमधून मात्र लगदा येतो, आणि त्या प्रत्येक वळीत तो बसतो, सुकतो, कुजतो. पाइप बाहेरून दाबून बघितला तर काही ठिकाणी आत मऊ गच्च लागतं, ते हेच. तो काढून दीड इंची गुळगुळीत पीव्हीसी पाइप लावून घ्या, दर फुटाला पाव इंच उतार ठेवून. ट्रॅप म्हणजे पाणी धरून ठेवून गटाराचा वास अडवणारा पाइपाचा भाग; तो बाटलीच्या आकाराचा असेल तर तोही बदला, त्याच्या तळाशी गाळ साचतोच. वळणाचा साधा पी-ट्रॅप लावा. आणि जुन्या इमारतींत सिंकचा पाइप खाली नहाणी ट्रॅपच्या जाळीवर नुसता सोडलेला असतो, तसं तर डिस्पोजरला अजिबात चालत नाही. जाळी तुंबते आणि लगदा सगळ्या फरशीवर येतो. या कामाला प्लंबरला अर्धा दिवस लागेल, पण हा खर्च वाया जाणार नाही.

आता गुणगुणणं. मोटरला वीज मिळते आहे, पण तबकडी अडकली आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी पुन्हा पुन्हा स्विच दाबून बघण्याचा मोह होतो आणि मोटर जळते ती त्यानेच. लगेच बंद करा. जास्त भार आला की यंत्र स्वतःच वीज तोडतं आणि बुडाशी असलेलं लाल बटण बाहेर येतं. तुमच्याकडे तेच झालं असणार.

प्लग काढा. आधी टॉर्चने आत बघा. काही दिसलं तर चिमट्याने किंवा पकडीने काढा. हात आत घालायचा नाही, प्लग काढलेला असला तरी नाही. सवय लागते, आणि एखाद्या दिवशी प्लग काढायचा राहून जातो. मग यंत्राच्या बुडाशी मधोमध षटकोनी भोक शोधा. त्यात पाव इंची ॲलन की बसते. यंत्राबरोबर आलेली बहुधा हरवलेली असते, पण कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, रविवार पेठेतल्या बोहरी आळीत तर हमखास. मागताना पाव इंचीच मागा, सहा मिलिमीटरची सैल बसते आणि भोकाचे कोपरे झिजवते. की घालून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असा हलका जोर द्या. आधी ती जागची हलणार नाही, मग थोडी सुटेल, आणि एका क्षणी करकरत पूर्ण फिरेल. पूर्ण फेरा दोन्ही दिशांनी मोकळा झाला की पुन्हा टॉर्चने आत बघा, अडकलेला जिन्नस आता वर आलेला असतो. तो काढा, मोटर दहा मिनिटं गार होऊ द्या, लाल बटण आत दाबा, नळ सोडा आणि मगच स्विच. बटण आत राहत नसेल तर मोटर अजून गरम आहे, आणखी थांबा. काही मॉडेलांना खाली भोकच नसतं. तिथे वरून झाडूचा लाकडी दांडा घालून तबकडीवरच्या ठोकळ्याला रेटा द्यावा लागतो. अर्थात प्लग काढूनच.

अडकतं काय, हेही सांगतो. चमचा तर असतोच. पण आपल्याकडे यंत्रातून मी जास्त काय काढतो तर दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, तारेच्या घासणीचे तुकडे, चिंचोके, देवघरातली वात आणि राखीचा दोरा. पिशवीचा कोपरा एवढासा असतो, पण तो तबकडी आणि कडं यांच्या फटीत जाऊन बसतो. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडूच नका, लोंबता ठेवा. रिसायकलिंगवालेही तेच सांगतात.

हे यंत्र अमेरिकेतलं. रेसिन गावचे आर्किटेक्ट जॉन हॅम्स यांनी १९२७ साली ते बनवलं, ते जेवणानंतर ताटात उरलेलं सिंकमधूनच निकालात काढता यावं म्हणून. आपल्या स्वयंपाकघरात ताटात उरतं कमी आणि निवडण्या-चिरण्यात निघतं जास्त. तिथेच सगळा घोळ होतो. शेवग्याच्या शेंगांचा चोथा, अळूच्या देठांच्या शिरा, मक्याची साल आणि केस, कांद्याची पापुद्र्याची साल, केळीची साल, उसाचा चोथा, हे सगळं दोरीसारखं ठोकळ्यांभोवती गुंडाळलं जातं. आंब्याची कोय, नारळाची करवंटी आणि शेंडी, मटणाची जाड हाडं, यांना घरगुती यंत्रात जागा नाही. मे महिन्यात आमरसानंतर आणि गणपतीत नारळ फुटायला लागले की माझा फोन जास्त वाजतो, त्याचं कारण हेच.

भात, पोहे, कणिक यांचा त्रास वेगळा. ते यंत्रात अडकत नाहीत, सहज जातात, म्हणून लोक बिनधास्त टाकतात. पण भात पाण्यात फुगतो आणि पुढे पाइपात त्याची खळ होते. चहाचा चोथाही तसाच, यंत्रातून भुर्रकन जातो आणि ट्रॅपमध्ये वाळूसारखा बसतो. ताटाला लागलेली चार शितं चालतील. कुकरभर उरलेला भात नको, आणि परातीतली कणिक धुताना आधी हाताने पुसून घ्या. तेल, तूप, भाजीवरचा तवंग सिंकमध्ये जाऊच नये. कढई कागदाने पुसा आणि मग धुवा.

चालवताना गार पाणी. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण गिझरचं पाणी सोडलं की जास्त स्वच्छ होईल असं वाटतं. गरम पाण्याने तूप-तेल वितळून पुढे जातं आणि खालच्या गार पाइपात थिजतं. गार पाण्यात ते घट्टच राहून बारीक होऊन निघून जातं. कोमट पाणी फक्त स्वच्छतेच्या त्या अंघोळीपुरतं, यंत्रात खरकटं नसताना. उकळतं पाणी तर नकोच, पीव्हीसी त्याने मऊ पडतं. आधी नळ, मग स्विच, मग थोडं थोडं खरकटं. दळण्याचा आवाज हलका झाला, नुसती मोटर ऐकू आली की आणखी २०-३० सेकंद पाणी आणि यंत्र चालू ठेवा. यंत्रातलं निघून गेलं तरी ते अजून तुमच्याच पाइपात असतं, मुख्य लाइनपर्यंत ते पोचायला हवं. चांगली धार म्हणजे मिनिटाला सहा लिटरच्या आसपास. ज्या दिवशी पाणीकपात आहे आणि नळ करंगळीएवढा येतोय, त्या दिवशी यंत्र बंद. बादलीने पाणी ओतून भागवू नका.

एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. सिंक सगळ्यात जास्त वापरतात त्या भांडी घासायला येणाऱ्या मावशी, आणि यंत्राबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. त्यांना ते चालू करायला भीती वाटते, म्हणून खरकटं पाकळ्यांतून ढकललं जातं आणि रात्रभर आत कुजतं. एकदा त्यांच्याबरोबर उभं राहून दाखवा: काय टाकायचं नाही, नळ कधी सोडायचा, स्विच कुठला, हात का घालायचा नाही. शक्य असेल तर ताटातलं जाड खरकटं आधी वेगळ्या भांड्यात काढायला सांगा. त्यांच्या हातांची काळजी हा यंत्रापेक्षा मोठा मुद्दा आहे.

गळतीबद्दल थोडक्यात. यंत्राचं अंग कोरडं पुसा, टिश्यू पेपर गुंडाळा आणि सिंक भरून सोडा. वरच्या रिंगेशी ओलं झालं तर रिंग घट्ट करून किंवा पुटी बदलून भागतं. बाजूच्या पाइपाशी असेल तर वॉशर. डिशवॉशरची नळी जोडलेली असेल तर तिचा क्लॅम्प. पाणी थेट बुडातून, मोटरच्या बाजूने थेंब थेंब येत असेल तर आतलं सील गेलंय. ते दुरुस्त करत बसू नका, यंत्र वापरणं त्याच क्षणी थांबवा, कारण तिथे पाणी आणि वीज एकत्र आहेत. तीन पिनांचा प्लग, खरं अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हे हवंच. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, जुन्या फ्लॅटमध्ये तिसरी पिन नुसती शोभेला असते. वीज मधेच गेली तर स्विच आठवणीने बंद करा. तुमचं यंत्र आधीच्या मालकांनी अमेरिकेतून आणलेलं असू शकतं, तेव्हा पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय का बघा. तसं असेल आणि ते ट्रान्सफॉर्मरवर चालवलं जात असेल, तर मोटर गरम होण्याचं आणि थांबण्याचं ते एक कारण आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (विजेची वारंवारता) नाही. अशी इंडक्शन मोटर आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर हळू फिरते आणि तापते.

दिवाळीत किंवा मे महिन्यात घर बंद ठेवून जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी पाकळ्या घासा, अंघोळ घाला आणि बूच लावून ठेवा. परत आल्यावर स्विच दाबण्याआधी भांडंभर पाणी ओता आणि ॲलन कीने तबकडी एकदा हाताने फिरवा. न वापरता पडून राहिलं की ठोकळ्यांजवळ गंज धरतो आणि पहिल्याच झटक्यात मोटरवर ताण येतो. ट्रॅपमधलं पाणीही वाळलेलं असतं, घरात गटाराचा वास आणि झुरळं येतात ती त्या वाटेने.

ठेवावा की काढावा? तुमच्या सोसायटीत स्वतःचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर आधी समितीला विचारा. सिंकमधून जाणारं प्रत्येक खरकटं तिथे अधिकचा भार होऊन पोचतं, आणि तेच पाणी प्रक्रिया होऊन बागेला, फ्लशला परत येतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं, त्यामुळे खत करायची सोय बहुधा तुमच्याकडे असेलच. नसेल तर रोज सकाळी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दाराशी येतात. साली, देठं, चोथा, कोयी हा सगळा ओला कचरा वेगळा करून त्यांच्याकडे किंवा खताच्या टोपलीत जावा आणि डिस्पोजरने फक्त ताटं-पातेली धुताना उरणारं बारीक खरकटं सांभाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एवढंच काम दिलंत तर तो वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतो.

तेवढ्यासाठीही नको वाटला तर खुशाल काढा. फक्त काढायच्या आधी प्लंबरला सांगा की सिंकचं भोक साडेतीन इंची आहे, नेहमीचं छोटं वेस्ट कपलिंग तिथे बसणार नाही. मोठं, जाळीची वाटी असलेलं कपलिंग आणायला लावा, आणि ओट्याखालचा तो विजेचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घ्या.